चाबीतला सेल काढला तर गाडी चाबीला विसरते का?

‘चाबी उघडू नका भाऊ. सेल काढला का कोड उडून जाते, मग गाडी टोचन करून नागपूरले न्या लागते.’ वरुडपासून वणीपर्यंत कोणत्याही टपरीवर हा सल्ला फुकट मिळतो. त्यापायी लोक महिनोन्‌महिने गाडीच्या दाराला अगदी चिकटून, बटण पाच-पाच वेळा दाबत उभे राहतात. पण दहा मिनिटांचं काम करत नाहीत.

कोड उडत नाही. चाबीची ओळख सेलात नसतेच, ती चिपच्या स्मृतीत असते. ऑक्साइडच्या अतिशय पातळ थरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या जागेत इलेक्ट्रॉन अडकवून ठेवलेले असतात. वीज काढून घेतली तरी ते वर्षानुवर्षं तिथेच राहतात. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून त्यातले फोटो जात नाहीत, त्यामागचं तत्त्वही हेच.

शिवाय इंजिन सुरू करू देणारी ओळख वेगळीच. त्यासाठी चाबीत बिनसेलाची एक चिप आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि या वेटोळ्यात त्यानेच वीज निर्माण होते. सेल पार मेला तरी चाबीतलं लोखंडी पातं काढून दार उघडता येतं, आणि या चिपमुळे बटणाने सुरू होणाऱ्या बहुतेक गाड्या चाबी त्या बटणाला टेकवली की सुरू होतात. नेमकी जागा गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

मग दुरून दार उघडायचं काम कसं चालतं? मला यातला हाच भाग सगळ्यांत आवडतो. चाबी दर वेळी तोच संदेश पाठवत असती, तर बाजारात आडोशाला उभा असलेला चोर तो टिपून रात्री पुन्हा वाजवू शकला असता. म्हणून संदेश दर वेळी बदलतो. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात तयार झालेली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीने विकत घेतलेली ‘कीलॉक’ ही पद्धत यातली गाजलेली. चाबीत एक मोजणी असते. प्रत्येक दाबण्यासरशी ती एकाने वाढते. हा आकडा आणि आणखी काही बिट (म्हणजे शून्य किंवा एक) मिळून ३२ बिटांचा गठ्ठा होतो. तो ६४ बिटांच्या गुप्त किल्लीने, म्हणजे एका गुप्त आकड्याने, ५२८ फेऱ्यांत घुसळला जातो. मोजणी ४१२ ची ४१३ झाली तरी बाहेर पडणाऱ्या बिटांपैकी साधारण निम्मे पालटतात, त्यामुळे मागच्या संदेशावरून पुढचा ओळखता येत नाही. गाडीकडे तीच गुप्त किल्ली असते. ती गठ्ठा उलगडते आणि आकडा पाहते. जिनिंगवर कापसाच्या गाड्यांना टोकन मिळतं ना, तसंच: पुकारून झालेला नंबर पुन्हा दाखवला तर आत सोडत नाहीत.

आणि वावरात असताना खिशात बटण दाबलं गेलं तर? मोजणी पुढे जाते, गाडी मागे राहते. या घराण्याच्या चिपांमध्ये सर्वसाधारण योजना अशी की पुढचे १६ आकडे गाडी मुकाट्याने मान्य करते. त्याहून पुढे, सुमारे ३२ हजारांपर्यंत, लागोपाठचे दोन संदेश आले तर स्वतःची मोजणी जुळवून घेते. म्हणून कधी कधी दोनदा दाबल्यावर दार उघडतं. कीलॉक अभेद्य मात्र नाही. जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी २००८ मध्ये चिप किती वीज खाते ते मोजून तिची गुप्त किल्ली काढून दाखवली.

आता सेल. सहसा सीआर२०३२ असतो. सी म्हणजे लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचं रसायन, आर म्हणजे गोल, व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. त्याऐवजी सीआर२०२५ घातला तर तो अडीच मिलिमीटरचाच, सैल बसतो. मीटरवर जुना सेल २.९ व्होल्ट दाखवतो आणि माणूस फसतो. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो. तो १०० ओहम झाला असं धरा. संदेश पाठवताना १० मिलिअँपिअर प्रवाह लागला तर १ व्होल्ट आतच खर्च होतो आणि चिपला १.९ उरतात. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून रडगाणं पौषातल्या पहाटे सुरू होतं. ती पहाट अमावस्येची निघाली की बोनेटसमोर नारळ फुटतो. तेवढ्याच पैशांत घड्याळवाल्याकडे सेल मिळतो.

बऱ्याच चाब्यांत पातं काढलं की सांध्यात एक खाच दिसते. चपट्या पेचकसाला कापड गुंडाळून तिथे हलकेच पिळायचं, टक्‌ असा आवाज येऊन कवच सुटतं. जुना सेल काढण्याआधी अधिक खुणेची बाजू वर आहे की खाली, याचा फोटो काढा. सेल लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला, पत्र्याच्या जिभा वाकवू नका. नवा सेल कडेने धरून बसवा.

काढलेला सेल ओट्यावर टाकून देऊ नका. लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या ऊतींतून प्रवाह वाहून तिथे दाहक अल्कली तयार होते. दोन तासांत गंभीर भाजू शकतं. संपलेल्या सेलातही तेवढी ताकद असते. उलटी करवू नका, वाट पाहू नका. जिथे एक्स-रे आहे तो दवाखाना गाठा. जुन्या सेलाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो घड्याळवाल्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.