बोंडअळीला डार्विन कोणी शिकवला?

2017 चा खरीप जळगाव-धुळ्याकडच्या कपाशीवाल्यांना वेगळा सांगायला नको. दिवाळीपर्यंत शेत हिरवंगार, बोंडं मस्त लागलेली, आणि फोडून पाहिलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. बाहेरून भोकसुद्धा दिसत नाही, कारण अळी बारीक असतानाच आत शिरते आणि मागे भोक बुजून जातं. पाकिटावर तर बीटी लिहिलेलं, तेही दोन-दोन विषांवालं. लोकांचा पहिला संशय बियाण्यावर, बोगस निघालं म्हणून. असेलही काही ठिकाणी, पण मुख्य भानगड वेगळी होती. बियाणं तेच होतं, अळी बदलली होती.

बीटी कपाशी आपल्याकडे 2002 मध्ये आली. मातीतल्या एका बॅक्टेरियाचा जीन कपाशीत घातलेला, त्यामुळे झाड स्वतःच अळीला विष ठरणारं एक प्रथिन तयार करतं, अळीने खाल्लं की ते तिच्या आतड्याच्या पेशींवर एका ठराविक जागी जाऊन चिकटतं, आतडं फुटतं, अळी खलास. आता असंख्य अळ्यांत एखादीची ती चिकटायची जागाच जन्मतः थोडी वेगळी असते. तिला त्याचा पूर्वी काही उपयोग नव्हता, पण बीटीच्या शेतात बाकीच्या मेल्या आणि ही जगली, तिचा पतंग झाला, त्याने अंडी घातली, आणि या किडीच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या सहज होतात म्हटल्यावर पुढचं गणित तुम्हीच करा. 2010 च्या आसपास गुजरातमध्ये पहिलं विष तिच्यापुढे निकामी झाल्याचं दिसलं. दुसरं विष 2006 मध्येच जोडीला दिलेलं होतं, तेही काही वर्षांत गेलं.

याचंच नाव उत्क्रांती. यात माकड कुठेही नाही.

आपल्याकडे सगळे म्हणतात, अळीला औषधाची सवय झाली. ऐकायला बरोबर वाटतं, पण हा डार्विन नाही, हा लामार्क आहे, तोच जिराफाची मान ताणून ताणून लांब झाली म्हणणारा. कोणत्याही अळीला सवय-बिवय लागत नाही. न मरणाऱ्या आधीच थोड्या होत्या, मरणाऱ्या आपण काढून टाकल्या, उरल्या त्याच. आणि हा फरक फक्त परीक्षेपुरता नाही बरं का. सवय झाली असं मानलं की माणूस डोस वाढवतो, फवारणीवर फवारणी मारतो, आणि निवड होते असं कळलं की नेमकं उलटं सुचतं, थोड्या साध्या अळ्या मुद्दाम जगू द्यायच्या.

पटत नाही ना? पण त्यासाठीच तर 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅम साधं नॉन-बीटी बी मिळायचं. चिवटपणाचा जीन आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते, म्हणून शेजारच्या साध्या कपाशीवर वाढलेले साधे पतंग भरपूर असले की चिवट पतंगाची जोडी त्यांच्याशीच जुळते आणि त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. आपल्याकडे ते पाकीट बहुतेक बांधावरच गेलं. यात शेतकऱ्याला शहाणपण शिकवायला मला आवडत नाही, तीन एकरवाला माणूस पाच ओळी अळ्यांसाठी कशाला सोडेल, आणि कशासाठी सोडायच्या हे त्याला नीट सांगितलं कोणी? त्यात आपली बीटी हायब्रीड, म्हणजे एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असतं आणि काहींत नसतं, वरून मे महिन्यातली बागायती लागवड आणि नंतर फरदड, म्हणजे वेचणी झाली तरी तीच कपाशी पाणी देऊन उभी ठेवायची, अळीला वर्षभर जेवण. अमेरिकेत ॲरिझोनात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे इमानदारीने लावले, पुढे वांझ पतंग सोडले, आणि 2018 मध्ये तिथल्या कृषी खात्याने आपल्या कपाशीच्या भागातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. कीड तीच, विषही तेच.

आता गंमत बघा. बोंडअळीच्या नुकसानभरपाईचे पंचनामे चालू होते त्याच हिवाळ्यात, जानेवारी 2018 मध्ये, चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून पुढे गेलं की लागतं त्या तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रातले शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, शाळा-कॉलेजातून हे बदलायला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून विरोध केला आणि सिंहांचेच वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधानं करू नका म्हणून सांगितलं. शंका तशी जुनीच, आमच्याकडे कट्ट्यावरही निघते, आमना आजा काय वांदर व्हता का भो? नव्हता. चिंपांझी आणि आपण भावकीतले, मूळ पुरुष एक, साधारण 60-70 लाख वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या, आता चुलत्याचा कोणी आजोबा होत नाही. आणि कोणी पाहिलं म्हणाल तर घाटाखाली हजारो लोक रोज बोंडं फोडून पाहत होते.

मग 2023. एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती गेली, नुसती आनुवंशिकता राहिली. आधी कोरोनात मुलांवरचा बोजा कमी करायचा म्हणून वगळलेलं, ते छापील पुस्तकातूनही उडालं. 1800 हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहिलं. सरकारी बाजूचं म्हणणं, बारावीच्या बायोलॉजीत आहे की. आहे ना, पण बारावीला बायोलॉजी घेतं कोण? डॉक्टर व्हायचं असलेला. आयटीआय, आर्ट्स, कॉमर्सवाला किंवा दहावीनंतर शेतीत उतरणारा, म्हणजे उद्या ते बियाण्याचं पाकीट फोडणारा, तो यातून बरोबर सुटतो. मला राग याचा आहे, धर्म-विज्ञानाच्या भांडणाचा तेवढा नाही.

ते भांडण अमेरिकेने आपल्यापेक्षा कितीतरी जोरात केलंय. 1925 मध्ये टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला, 100 डॉलर दंड, पुढे तो तांत्रिक कारणावरून रद्द झाला पण कायदा 1967 पर्यंत टिकला. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्क्रांतीच्या जोडीला सृष्टीनिर्मितीची कथा विज्ञान म्हणून शिकवायची सक्ती रद्द केली, तर तोच माल नाव बदलून पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात शाळेत आला आणि 2005 मध्ये तिथेही कोर्टात आपटला. तिकडे शिकवायचं की नाही यावर कोर्टबाजी, आपल्याकडे आधी बोजा कमी आणि मग धडा गायब, म्हणजे भांडायला समोर कोणी उभंच नाही.

आपल्या राज्य बोर्डाचं कौतुक केलं पाहिजे, बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती, अवशेषांगं (अंगात नुसते उरलेले निकामी अवयव), डार्विन, लामार्क सगळे हजर. म्हणजे खान्देशातल्या झेडपीच्या शाळेतून पुढे हायस्कुलात गेलेल्या पोराला ते मिळतं आणि सीबीएसईची फी भरणाऱ्याला मिळत नाही. फक्त पुढचं पुस्तक येईल तेव्हा जिराफाच्या बाजूला अर्धं पान बोंडअळीला द्यावं. आता नॉन-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देतात, का मिसळतात तेही तिथेच लिहावं, बापाला पेरताना पोरगं सांगेल.