काळ्या मातीत सिझियम कुठे जाईल?

मराठवाड्यात अणुभट्टी नाही. तरीही 1950 ते 60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांची किरणोत्सारी राख वाऱ्यावर जगभर पसरली आणि पावसासोबत सगळीकडच्या शिवारांत उतरली. सिझियम हा त्या राखेतलाच एक पदार्थ. अशी राख मातीतून, पिकातून, जनावरातून कशी फिरते याचं गणित मांडणारी मॉडेल्स तेव्हाच आकाराला येत होती.

सुरुवात अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या अणुकेंद्राची. तिथल्या अणुभट्ट्या थंड करून आलेलं पाणी कोलंबिया नदीत सोडलं जाई. पाण्यात फॉस्फरस-32 हा किरणोत्सारी पदार्थ नावापुरता असे, माशांत मात्र त्याच्या कित्येक पट. मासा आणि पाणी यांतलं हे गुणोत्तर म्हणजे या शास्त्राचं पहिलं हत्यार. पुढे 1960च्या दशकात अमेरिकेतल्याच ओक रिजच्या प्रयोगशाळेत संशोधक जेरी ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडांमध्ये सिझियम-137 सोडून ते पान, पाचोळा, माती असं कसं फिरतं ते मोजलं आणि त्याची समीकरणं मांडली.

जायकवाडीचा कालवा पाहिलेल्याला ती समजायला अवघड नाहीत. धरणातून कालव्यात, कालव्यातून चारीत, चारीतून वावरात. दर टप्प्यावर काही येतं, काही पुढे जातं, काही वाटेत मुरतं. मॉडेलमध्ये माती, मूळ, पान, गाय आणि दूध हे टप्पे. फरक इतकाच की इथे वाहणारा पदार्थ आपोआपही विघटित होत असतो.

ऑक्टोबर 1957मध्ये इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली. आयोडीन-131 हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईनं खाल्लं आणि ते दुधात उतरलं. लहान मुलांच्या थायरॉइडला त्याचा धोका, म्हणून सुमारे 500 चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. गवत, गाय, दूध, मूल ही साखळी तेव्हापासून प्रत्येक मॉडेलच्या केंद्रस्थानी आहे.

या इतिहासातला सगळ्यात मोठा धडा मात्र मेंढपाळांच्या वाट्याला आला. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर, जून 1986मध्ये, ब्रिटनच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. ती तीन आठवड्यांत उठेल असं सांगितलं गेलं होतं. शेवटचे निर्बंध उठले 2012मध्ये! अंदाज बांधला होता सखल भागातल्या चिकणमातीवरून. तिथे सिझियम मातीच्या कणांत अडकून बसतं. डोंगरावरची माती कुजलेल्या पाल्याची, आम्लधर्मी, चिकण कण फार कमी. तिथे सिझियम मोकळंच राहिलं आणि वर्षानुवर्षं गवतातून मेंढीत जात राहिलं. समीकरण चुकलं नव्हतं, माती चुकली होती.

मला आपली माती आठवते ती इथेच. आपली काळी बेसाल्टपासून झालेली आणि भरपूर चिकण. पण तिच्यात मुख्य खनिज स्मेक्टाइट, पाण्यानं फुगणारं आणि उन्हात आकसणारं. सिझियमला खरं कुलूप लावतं ते अभ्रकाच्या जातीचं इलाइट. म्हणून ‘चिकणमाती आहे, म्हणजे सिझियम अडकलं’ असं इथे डोळे झाकून म्हणता येत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्या वावरांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती त्यांत ढासळते. सिझियम वरच्या काही सेंटिमीटरमध्येच राहतं असं धरून चालणाऱ्या मॉडेलमध्ये या भेगांना जागा नसते. तशात नांदेडच्या पूर्वेकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइट लागतो, तिथली माती आणखी वेगळी.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं 1994मध्ये अशा मॉडेल्ससाठी आकडेवारीची पुस्तिका काढली, तिच्या नावातच ‘समशीतोष्ण’ होतं. 2010च्या सुधारित आवृत्तीत उष्ण प्रदेशांतल्या नोंदी आल्या. काळ्या मातीतली ज्वारी, तूर, कापूस यांचे आकडे याच मातीत मोजले पाहिजेत, हे माझं ठाम मत आहे.

साखळीतली गायही आपली वेगळी आहे. विंडस्केलची गाय हिरव्या कुरणात चरत होती. आपली देवणी किंवा लाल कंधारी उन्हाळ्यात गंजीतला कडबा खाते. आयोडीन-131 दर 8 दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे 80 दिवसांत हजारावा भाग उरतो. ज्वारीची ताटं वावरात उभी असताना ते पडलं असेल, तर उन्हाळ्यात गंजी उघडेपर्यंत जवळजवळ संपलेलं असेल. सिझियमचं अर्धायुष्य 30 वर्षांचं, ते त्याच कडब्यात जवळपास तेवढंच असेल.