सोलापूरची केबल आणि १९ रुपयांचा घोळ

सोलापूरच्या केबल बिलाला पुण्या-मुंबईचा हिशेब लागू पडत नाही. इथे मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराच्या घरी थोरांना तेलुगू मालिका लागते, पोरांना मराठी-हिंदी. ॲनालॉगच्या काळात वायरीत जागा मोजकी असायची, तरी केबलवाला गल्ली ओळखून वाहिन्या ठेवायचा आणि महिन्याचे पैसे एकच घ्यायचा.

केबल ॲनालॉगवरून डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होते. मुदत ३१ मार्च २०१३. सेट टॉप बॉक्स आला, वाहिन्या वाढल्या. बिलाची रचना मात्र उलटीपालटी झाली ती १ फेब्रुवारी २०१९ पासून, ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमांनी. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये नेटवर्क शुल्क, म्हणजे जोडणीचे मूळ भाडे, करासह १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे.

इथेच १९ रुपयांचा घोळ आहे. कोणतीही वाहिनी १९ रुपयांपेक्षा महाग असूच शकत नाही, असे आजही सांगितले जाते. तसा नियम नव्हता. दर हवा तेवढा लावायला मोकळीक होती. अट एवढीच की १९ रुपयांवरची वाहिनी पॅकमध्ये, म्हणजे अनेक वाहिन्यांच्या एकत्र गठ्ठ्यात, घालता येणार नाही. मग अनेक मोठ्या करमणूक वाहिन्यांनी नेमका १९ रुपये दर लावला. पॅकवर किती सूट द्यायची याची १५ टक्क्यांची मर्यादा न्यायालयात टिकली नाही. त्यामुळे सुटी वाहिनी महाग, पॅक स्वस्त, आणि ‘हवे तेच घ्या’ हा हक्क कागदावरच राहिला.

पॅक भाषेनुसार बांधलेले होते. तीन भाषांतली १९ रुपयांची एकेक वाहिनी सुटी घेतली, तर नेटवर्क शुल्क आणि कर धरून २२० रुपये ६६ पैसे. दोन भाषांचे पॅक घेतले, तर काहींत त्याच कंपनीच्या खेळाच्या वाहिन्या दुसऱ्यांदा पदरात. एका घरात एकच भाषा, हे गृहीत धरून केलेली ही आखणी होती आणि सोलापूरवर ती अन्यायकारक ठरली.

२०२० मध्ये पॅकमधल्या वाहिनीच्या दराची १९ रुपयांची मर्यादा १२ रुपयांवर आणायचे ठरले, प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२३ पासून १९ रुपयेच परत आले, सोबत पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा. जुलै २०२४ मध्ये नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाही उठवण्यात आली. एकाहून अधिक भाषा लागणाऱ्या घरासाठी वेगळी तरतूद यातल्या एकाही दुरुस्तीत झाली नाही.