व्हॉल्व्ह उघडतो कॅम, बंद करते स्प्रिंग

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टॅपेट, रॉकर, पुशरॉड म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाची झडप, इनलेट आत घेणारी आणि एक्झॉस्ट धूर बाहेर सोडणारी. कॅम म्हणजे फिरत्या दांड्यावरचा (कॅमशाफ्टवरचा) उंचवटा. त्याचा धक्का टॅपेट घेतो, पुशरॉड नावाची काठी तो वर पोचवते आणि रॉकर तरफेसारखा झुलून व्हॉल्व्ह दाबतो. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या कारागीर-उद्योजकांनी या शहरात यंत्रकामाचा पाया घातला. विहिरीवरच्या पंपाला आणि गुऱ्हाळाच्या चरकाला लागणारी ऑइल इंजिनं इथं बनली, आणि त्याहून कितीतरी जास्त इथं दुरुस्त झाली. आज कागलला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना आहे आणि भागातल्या फाउंड्र्यांत सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाची व्हॉल्व्ह बसवायची डोकी, ओतली जातात. त्यामुळे रोज वापरायची आणि कधीतरी ड्रॅगच्या, म्हणजे सरळ छोट्या अंतराच्या, शर्यतीला उतरवायची गाडी तयार करणाऱ्या इथल्या पोरांना हेडचं काम जाणणारा माणूस घराजवळ सापडतो. ही मोठी सोय आहे. पण ऑइल इंजिनावर बसलेला हात शर्यतीच्या इंजिनावर जसाच्या तसा चालत नाही, आणि तो का चालत नाही हे कळायला या भागांचा इतिहास बघावा लागतो.

जुन्या लिस्टर पद्धतीचं ऑइल इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतं. त्याचा प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच वेळा उघडतो. तेच इंजिन ६,५०० फेऱ्यांचं असेल तर व्हॉल्व्ह सेकंदाला ५४ वेळा उघडतो. वेग दहापट झाला, पण जोर दहापटीवर थांबत नाही. कॅमचा आकार आणि भागांचं वजन तेच ठेवलं, तर व्हॉल्व्हला ताब्यात ठेवायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाने, म्हणजे शंभरपट वाढतो. व्हॉल्व्ह उघडायला कॅम समर्थ आहे, तो लोखंडाने लोखंडाला ढकलतो. कॅमचं टोक ओलांडल्यावर मात्र व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड, टॅपेट या सगळ्या वरातीला कॅमला चिकटवून खाली आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं. ती कमी पडली की टॅपेट कॅम सोडून उडतो, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, बसला तर सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, उसळी घेतो, आणि नशीब वाईट असलं तर वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. या भागांच्या इतिहासातली बहुतेक धडपड व्हॉल्व्ह बंद करण्यासाठी झाली आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. डाइमलर आणि मायबाख यांच्या १८८५च्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्हला कॅमच नव्हता. पिस्टन खाली गेला की त्याच्या ओढीने व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा आणि हलकीशी स्प्रिंग तो बंद करायची. वेग वाढायला लागला तशी ही रीत मागे पडली. मग सिलिंडरच्या बाजूला बसवलेले साइड व्हॉल्व्ह आले. १९०४ मध्ये ब्युइकने व्हॉल्व्ह डोक्यावर नेऊन पुशरॉड आणि रॉकरने चालवले. आणि १९१२ मध्ये प्यूजोने ग्रां प्रीची अशी गाडी आणली, जिच्या हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट होते आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. त्यात पुशरॉड नव्हता, म्हणजे हलणारं वजन घटलं. एका मोठ्या व्हॉल्व्हच्या जागी दोन छोटे आले, म्हणजे प्रत्येक स्प्रिंगचा भार हलका झाला. आजच्या बहुतेक वेगवान इंजिनांचा आराखडा शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ठरून गेला होता, याचं मला अजून नवल वाटतं.

स्प्रिंग मात्र छळत राहिली. जाड तार घेऊन ती कडक करावी, तर ती स्वतःच जड होते, शिवाय कॅम आणि टॅपेट घासून खाते. दुसरं दुखणं जास्त कपटी होतं. प्रत्येक स्प्रिंगला तिचा स्वतःचा हेलकावा असतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसंच ठरावीक आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) कॅमचे धक्के त्या हेलकाव्याशी जुळले की स्प्रिंगची मधली वेटोळी आतल्या आत थरथरायला लागतात. वरून स्प्रिंग धडधाकट दिसते, पण तिचा दाब त्या क्षणी भलतीकडेच गेलेला असतो, आणि पुढे ती तुटते. यावर नॉर्टनच्या शर्यतीच्या मोटरसायकलींनी हेअरपिनसारख्या वाकवलेल्या स्प्रिंग वापरल्या. मर्सिडीजने १९५४च्या डब्ल्यू १९६ या गाडीत स्प्रिंगचा भरवसाच सोडला आणि व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा कॅम दिला. १९५६ मध्ये डुकाटीच्या फाबिओ तालिओनी यांनी तीच डेस्मोड्रोमिक पद्धत १२५ सीसीच्या शर्यतीच्या बाइकवर आणली, आणि डुकाटीने ती रस्त्यावरच्या गाड्यांतही टिकवली. १९८६ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनच्या इंजिनात तारेच्या स्प्रिंगच्या जागी दाबाची हवा बसवली. हवा जवळजवळ वजनहीन, त्यामुळे थरथरण्याचा प्रश्नच मिटला.

डेस्मो आणि हवेची स्प्रिंग आपल्या गाडीत येणार नाहीत. आपल्याला जे विकत मिळतं, त्याचा वंश अमेरिकेतल्या पुशरॉडच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांपर्यंत जातो. १९५१ मध्ये तिथं ड्रॅग शर्यतींची संघटना एनएचआरए उभी राहिली आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, हे अंतर रूढ झालं. १९५५ मध्ये शेवरलेचं ४.३ लिटरचं छोटं व्ही-८ आलं. त्याचे रॉकर पत्र्यातून दाबून काढलेले होते, हलके आणि स्वस्त, प्रत्येक आपापल्या स्टडवर झुलणारा. या साध्या रचनेमुळे ते इंजिन आधीच्यांपेक्षा मोकळेपणाने फिरायचं आणि गॅरेजमधल्या पोरांना परवडायचं.

तिथूनच आजही चालणारा वाद सुरू झाला: टॅपेट हायड्रॉलिक घ्यावा की सॉलिड? हायड्रॉलिक टॅपेट तेलाच्या दाबाने भागांमधली फट स्वतःच भरून काढतो, म्हणून तो शांत आणि त्याला सेटिंगची कटकट नाही. पण व्हॉल्व्ह उडायला लागला की तो ती फटही भरून टाकतो, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. म्हणून १९५७ मध्ये शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स गाडीच्या जोरदार इंजिनासाठी आलेला, अभियंता डंटोव्ह यांच्या नावाचा कॅम सॉलिड टॅपेटचा होता. पुढे रोलर, म्हणजे टोकाला चाक असलेला टॅपेट आला. सपाट टॅपेटला कॅमच्या उताराची मर्यादा असते, उतार फार तीव्र केला तर टॅपेटची कडच कॅममध्ये घुसते. चाक लावलं की ती मर्यादा बरीच सैल होते आणि व्हॉल्व्ह झपाट्याने उघडून जास्त वेळ पूर्ण उघडा ठेवता येतो. शर्यतीत रोलर आधीपासून होते. १९८५ मध्ये फोर्डने मस्टँगच्या पाच लिटर इंजिनात हायड्रॉलिक रोलर कारखान्यातूनच दिला, आणि रोजच्या गाडीला तो परवडू लागला.

रोलरच्या बाजूने आणखी एक कारण तेलातून आलं. सपाट टॅपेट आणि कॅम यांच्यातली झीज तेलातलं जस्त-फॉस्फरसचं संयुग रोखतं. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो म्हणून २००४च्या सुमारास आलेल्या एपीआय एसएम या (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या) दर्जाच्या पातळ तेलांत त्याची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. जुन्या इंजिनांत नवे कॅम बसवणाऱ्यांना ते नडलं. सपाट टॅपेटचा नवा कॅम पहिल्या सुरुवातीलाच जिंकतो किंवा हरतो. इंजिन सुरू झालं की ते आयडलला न ठेवता वीसेक मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमवर ठेवायचं असतं, आणि दुहेरी स्प्रिंग असेल तर तेवढ्यापुरती आतली काढून ठेवायची असते.

आपल्याकडे हीच वाट उशिरा आणि वेगळ्या क्रमाने आली. अँबॅसडर आणि पद्मिनी पुशरॉडच्या. १९८३ची मारुती ८०० मात्र पट्ट्यावर चालणाऱ्या हेडमधल्या कॅमची. पुशरॉडचं खरं शिक्षण दिलं ते जुन्या बुलेटने. इंजिन थंड, पिस्टन वर, टॅपेटचं झाकण काढलेलं, आणि मेस्त्री पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवतो: अलगद फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फीलर गेजशिवाय, म्हणजे फट मोजायच्या पट्टीशिवाय केलेलं हे सेटिंग बरोबर असतं, कारण त्या इंजिनाची चाल संथ आहे. २००९च्या सुमारास बुलेटच्या घराण्यात हायड्रॉलिक टॅपेट आले आणि २०२० मध्ये मीटिऑरपासून ३५० सीसीतही कॅम हेडमध्ये गेला. दरम्यान केटीएमच्या ३९० ड्यूकने दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह आणि कार्बनचा कठीण लेप दिलेले फिंगर फॉलोअर (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या बोटासारख्या छोट्या तरफा) कॉलेजच्या पोरांच्या हातात दिले. कॅमशाफ्टसाठीही लांब बघायला नको, सोलापूरच्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे ओतीव कॅमशाफ्ट परदेशातल्या कंपन्या वापरतात.

एवढं मागचं माहीत असलं की भाग निवडण्याचा क्रम आपोआप उलटतो. दुकानात पहिली मागणी असते ‘मोठ्या कॅम’ची, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडणाऱ्या कॅमची. माझ्या मते पहिला आकडा आरपीएमचा हवा: हे इंजिन खरोखर किती फिरणार, आणि त्यातलं किती शहरात. मग कॅम, मग त्या कॅमच्या निर्मात्याने सांगितलेली स्प्रिंग, आणि मग वजन. वजनात एक हिशेब फार कामाचा आहे. रॉकरचं गुणोत्तर १.५ असेल, म्हणजे व्हॉल्व्ह पुशरॉडच्या दीडपट हलत असेल, तर व्हॉल्व्हकडच्या एका ग्रॅमचा भार पुशरॉडकडच्या सव्वादोन ग्रॅमएवढा पडतो. म्हणून पैसे हलक्या रिटेनरवर (स्प्रिंग वरून धरणाऱ्या टोपीवर) आणि वर निमुळत्या होत जाणाऱ्या बीहाइव्ह स्प्रिंगवर घालावेत, आणि पुशरॉड जाड घ्यावा. पूर्वी शर्यतीवाले पुशरॉड हलका करायच्या मागे असत. पण वाकणारा पुशरॉड आधी स्वतः दबतो आणि मग उसळून व्हॉल्व्ह भिरकावतो. इलेक्ट्रिक मोटरने हेड फिरवून व्हॉल्व्हची हालचाल टिपणारं स्पिनट्रॉन यंत्र आल्यावर हे उघड दिसलं.

उरलेलं काम मोजमापाचं, आणि ते उद्यमनगरात होण्यासारखं आहे. सीट कापली की व्हॉल्व्ह थोडा आत जातो, दांडी वर येते आणि स्प्रिंगला मिळणारी उंची वाढते, म्हणजेच बसल्या जागचा दाब कमी होतो. ती उंची प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळी मोजून शिमने, म्हणजे पातळ चकतीने, सारखी करावी लागते. ऑइल इंजिनात हे सोडून दिलं तरी चालतं, ६,५०० ला चालत नाही. पूर्ण लिफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडला असताना, वेटोळी एकमेकांवर बसायच्या आधी साधारण दीड मिलिमीटर जागा उरायला हवी. रिटेनरचा तळ गाईडच्या (व्हॉल्व्हच्या दांडीच्या नळीच्या) सीलला टेकता कामा नये. पिस्टनवर मॉडेलिंगच्या मऊ मातीचा पट्टा ठेवून, हेडचे बोल्ट टॉर्कने आवळून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवावं आणि हेड उतरवून दबलेली माती कापून मोजावी: इनलेटला दोन, एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर ही रूढ किमान मर्यादा आहे. सॉलिड रोलर घेणार असाल तर तो रहदारीत आयडलला तासन्‌तास ठेवायचा भाग नाही. कमी वेगात त्याच्या सुयांच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं आणि फटीचे ठोके बसत राहतात. कोल्हापुरातली गाडी आठवडाभर दसरा चौकातून जाणार आणि वर्षातून एखाद्या वेळी लोणावळ्यापलीकडच्या अ‍ॅम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर उतरणार असेल, तर हायड्रॉलिक रोलर घ्यावा आणि वरचे पाचशे आरपीएम सोडून द्यावेत. आणि ती ताकद धावपट्टीवरच वापरावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर आपल्यासोबत एसटी, उसाच्या गाड्या आणि शाळेची पोरंही असतात.