नॅचरल हेअर मुव्हमेंट

नॅचरल हेअर मुव्हमेंट म्हणजे ब्लॅक बायकांनी आपले केस जसे उगवतात तसेच मिरवायचे, केमिकल लावून किंवा तापवलेला कंगवा फिरवून सरळ करत बसायचं नाही, यासाठी उभी राहिलेली चळवळ. मूळ अमेरिकेतली, पण दक्षिण आफ्रिका, ब्रिटन, ब्राझील इथेही पसरलेली. वरवर फॅशनचा विषय वाटतो पण तसं अजिबात नाहीये, या केसांवरून बायकांच्या नोकऱ्या गेल्यात आणि २०१६ साली प्रिटोरियातल्या एका शाळेत तर मुलींनाच आपल्या केसांसाठी निदर्शनं करावी लागली.

आधी केसांबद्दल थोडं. या केसांचा छेद गोल नसतो, चपटा लंबगोल असतो, म्हणून प्रत्येक केस स्प्रिंगसारखा वळत वाढतो आणि टाळूचं तेल टोकापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे केस कोरडे राहतात, वळणावर तुटतात, आणि ओले असताना खांद्यापर्यंत येणारे वाळले की कानाशी जाऊन बसतात. म्हणून 'वॉश डे' हा खरंच अख्खा दिवस असतो, धुवायचं, गुंता सोडवायचा, शिया बटर लावायचं, मग वेण्या, आणि लहानपणी हे सगळं आईच्या नाहीतर आजीच्या गुडघ्यांमध्ये बसून. लॉक्स म्हणजे केसांचे दोरासारखे वळलेले पेड, दिसायला आपल्याकडच्या जटेसारखे वाटतात पण ती तुलना चुकीची आहे, लॉक्स मुद्दाम ठरवून, निगा राखून घडवलेले असतात.

इतिहास बराच जुना. १७८६ मध्ये लुइझियानात स्पॅनिश राजवट होती, तिथल्या गव्हर्नरने फर्मान काढलं की स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीय बायकांनी डोक्याला फडकं बांधायचं, केस दाखवायचे नाहीत. त्या बायकांनी फडकं बांधलं, पण असं रंगीबेरंगी आणि ऐटीत की तीच फॅशन झाली! मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

पुढे मॅडम सी. जे. वॉकर. १८६७ चा जन्म, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, स्वतः कपडे धुवून पोट भरायची, आणि केसांच्या प्रॉडक्टवर मोठा धंदा उभारून हजारो ब्लॅक बायकांना एजंट म्हणून कमावतं केलं. तापता कंगवा तिने शोधला असं सर्रास लिहितात, ते चूक आहे, तो आधीपासून होता. तिच्यावर टीका होते की गोऱ्यांसारखे केस करायला शिकवलं, पण स्वतःचे पैसे हातात आलेली बाई ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती हे विसरून चालणार नाही.

खरं वळण १९६२ चं. न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत फोटोग्राफर क्वामे ब्रॅथवेट आणि त्याच्या सोबत्यांनी 'नॅचरली ६२' नावाचा शो केला, ग्रँडासा मॉडेल्स नावाच्या सावळ्या-काळ्या मुली न सरळ केलेल्या केसांनी रँपवर आल्या, आणि 'ब्लॅक इज ब्यूटिफुल' हे वाक्य घराघरात पोचायला त्याची मोठी मदत झाली. मग ब्लॅक हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिसचा डोक्याभोवती गोल फुललेला अ‍ॅफ्रो, १९७० मध्ये एफबीआयच्या वाँटेड पोस्टरवर तोच अ‍ॅफ्रो झळकला.

पण नोकरीत काही बदललं नाही. १९८१ मध्ये रेने रॉजर्स ही अमेरिकन एअरलाइन्समधली कर्मचारी टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्यांवरून कोर्टात गेली आणि हरली, कोर्टाचं म्हणणं की वेणी काही जन्मजात नाही, सोडता येते. म्हणजे ज्या केसांसाठी वेणी घालावी लागते त्यांचा विचारच नाही.

२००० नंतर इंटरनेट आलं आणि पोरी एकमेकींना शिकवायला लागल्या, 'बिग चॉप' म्हणजे केमिकलवाले सगळे केस एकदम कापून टाकायचे आणि नव्याने सुरुवात करायची. आरशात स्वतःचं खरं डोकं पहिल्यांदा बघताना कित्येकींना रडू येतं. रिलॅक्सरची, म्हणजे केस सरळ करायच्या केमिकलची, भीतीही खोटी नव्हती, २०२२ मध्ये अमेरिकेत ३३,४९७ बायकांचा अभ्यास आला, त्यात अशी केमिकल वारंवार वापरणाऱ्यांमध्ये ७० व्या वर्षापर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचा अंदाज ४.०५ टक्के होता, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. ही केमिकल वापरणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्के बायका ब्लॅक होत्या.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने क्राउन अ‍ॅक्ट केला, केसांच्या पोतावरून किंवा वेण्या, लॉक्स यांवरून भेदभाव करायचा नाही असा कायदा, नंतर इतर अनेक राज्यांनीही केला. देशभरासाठीचं बिल मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात पास झालं पण सेनेटमध्ये अडकलं.

वीग किंवा वीव्ह (स्वतःच्या केसांत शिवलेले दुसरे केस) लावणारी बाई चळवळीच्या विरोधात आहे असं मात्र कोणी समजू नये, तो तिचा चॉइस. त्यातले बरेच केस भारतातून जातात, तिरुपतीला आपल्याकडचे कितीतरी भाविक जे केस अर्पण करतात त्यांचा लिलाव होतो, आणि ते फिरत फिरत कुठल्यातरी अमेरिकन सलूनमध्ये पोचतात.

चळवळीच्या आतली एक तक्रार मला फार खरी वाटते, जाहिरातीत लांब मोकळ्या कुरळ्या बटांची मुलगी जास्त दिसते आणि अगदी घट्ट वळणाच्या, ज्याला ४सी म्हणतात त्या केसांची कमी. म्हणूनच डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटात मिस युनिव्हर्सचा मुकुट दक्षिण आफ्रिकेच्या झोझिबिनी टुन्झीच्या डोक्यावर गेला तेव्हा एवढा आनंद झाला, लोक सांगत होते वीग लाव, आणि ती स्वतःच्या बारीक कापलेल्या, घट्ट वळणाच्या केसांनीच स्टेजवर उभी होती.