लाइमलाइट

लाइमलाइट : (चुनाप्रकाश). ऑक्सिजन व हायड्रोजन यांच्या ज्योतीत कळीचा चुना (कॅल्शियम ऑक्साइड) तापवून मिळणारा प्रखर पांढरा प्रकाश. त्यावरून इंग्रजीत 'लोकांच्या नजरेत असणे' हा अर्थ रूढ झाला. शब्दातील 'लाइम' म्हणजे चुना. नव्याने शब्द शिकणारे लिंबू समजतात, पण त्याचा येथे संबंध नाही. 'ड्रमंड लाइट' असेही नाव आढळते.

शोधाचे श्रेय कोणाचे, यावर एकमत नाही. फिलाडेल्फियाचे रॉबर्ट हेअर यांनी १८०१च्या सुमारास ऑक्सिहायड्रोजन फुंकनळी (हे दोन वायू एकत्र जाळून तीव्र ज्योत देणारी नळी) बनवली. परंतु तिला दिवा म्हणता येणार नाही. या ज्योतीत चुना झगझगतो हे इंग्लंडमधील गोल्ड्सवर्दी गर्नी यांनी १८२०च्या दशकात दाखवले, असे सामान्यतः मानतात. टॉमस ड्रमंड या सैनिकी अभियंत्याने मायकेल फॅरेडे यांच्या व्याख्यानात हा परिणाम पाहिला आणि आयर्लंडच्या मोजणीसाठी वापरता येईल असा दिवा तयार केला. १८२५च्या अखेरीस स्लीव्ह स्नाक्ट डोंगरावरील त्याचा प्रकाश सुमारे १०५ किमी.वरील बेलफास्टजवळच्या डिव्हिस टेकडीवरून दिसला. ड्रमंड यांनी स्वतः मूळ कल्पनेवर हक्क सांगितला नाही. त्यामुळे तत्त्व गर्नींचे व उपकरण ड्रमंड यांचे, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते.

प्रकाश नेमका कशामुळे पडतो, हाही वादाचा विषय. चुन्याचा वितळणबिंदू सुमारे २,६०० °से. असल्याने तो ज्योतीत टिकतो. निव्वळ तापदीप्ती (तापल्यामुळे पडणारा प्रकाश) पुरेशी नाही, ज्योतीतील रासायनिक क्रियेमुळे जादा प्रकाश (कँडोल्युमिनिसन्स) मिळतो, असे काहींचे मत. जादा प्रकाशाचा वाटा बहुधा अल्प असावा.

रंगभूमीवरील प्रथम प्रयोगाचा मान बहुधा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला (१८३७) देतात. १८३६मध्ये इंग्लंडमधील हर्न बे येथे धक्क्यावरील उघड्या खेळात तो आधी वापरला गेल्याचाही दावा आहे. सुरुवातीला खर्च परवडेना, प्रसार १८५०नंतरचा. वायू रबरी पिशव्यांत भरून वर वजने ठेवीत आणि भिंगाने झोत एकाच नटावर टाकीत. चुन्याच्या कांडीला खड्डा पडे, म्हणून दिवेवाल्याला ती सारखी फिरवावी लागे. ओल लागली तर ती फुटे. दोन्ही वायू नळीत मागे मिसळल्यास स्फोटाचा धोका असे. एका दिव्यामागे एक माणूस, हेच त्याचे बलस्थान आणि हीच अडचण. विजेच्या कमानदिव्याने (आर्क) शतकाच्या अखेरीस त्याची जागा घेतली. ब्रिटिश नाट्यगृहांत पाठलागी झोताला (फॉलो-स्पॉट) मात्र अजूनही 'लाइम' म्हणतात.

मराठी रंगभूमी व वडोदरा : सयाजीराव गायकवाडांच्या राजाश्रयामुळे गंधर्व नाटक मंडळीसारख्या मराठी संगीत नाटक मंडळ्यांचा या शहराशी निकटचा संबंध आला. त्या काळच्या मराठी रंगभूमीवर ओळखीची होती ती किटसनची बत्ती : दाबाखालील केरोसिनच्या वाफेने जाळी (मँटल) तापवणारी. तत्त्वतः ती लाइमलाइटच्याच कुळातली. अशी जाळी शोधणारे ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ व्हेल्सबाख यांची जाळी थोरियम ऑक्साइडची व त्यात सुमारे एक टक्का सेरियम ऑक्साइड; चुन्याऐवजी दुसरे ऑक्साइड, इतकाच काय तो फरक. पण ही बत्ती उजेड सगळीकडे सारखा पसरवी. त्यामुळे एकाच नटाला उचलून धरणारा झोत हा अनुभव वीज येईपर्यंत तिच्याने देता येत नव्हता.

लाक्षणिक अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मराठीत 'प्रकाशझोतात येणे' व 'लाइमलाइटमध्ये असणे' दोन्ही चालतात. १९३१मध्ये वडोदऱ्यात निघालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा इंग्रजीसह आठ भाषांचा कोश मुळात राज्यकारभाराच्या शब्दांसाठी होता. रंगभूमीचे इंग्रजी शब्द मराठीत आले ते त्यातून नव्हे, तर बहुतांशी नाटक मंडळ्यांच्या व वर्तमानपत्रांच्या वाटेने.