चंद्राची ओढ आणि भूकंपाची तारीख

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली-चंद्रपूरकडे मांडणीवरची भांडी वाजली आणि लोक अंगणात धावले. भूकंपाचं केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात होतं, तीव्रता ५.३. गोदावरीच्या खोऱ्यातला हा जुन्या भेगांचा पट्टा आहे; १९६९ साली भद्राचलमलाही असाच हादरा बसला होता. दुपारपर्यंत मात्र मोबाइलवर वेगळंच कारण फिरू लागलं. रविवारी अमावस्या झाली, सूर्य-चंद्र एका रेषेत आले, म्हणून जमीन हलली. आता १५ तारखेच्या पौर्णिमेला याहून मोठा धक्का, सावध राहा.

१५ डिसेंबर आला आणि गेला. आपल्याकडे काही झालं नाही. पण १७ तारखेला प्रशांत महासागरातल्या वानुआतू बेटांवर ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि 'सांगितलं होतं ना' म्हणत तोच निरोप पुन्हा फिरला.

असे अंदाज मांडणारे सगळे लबाड नसतात. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, सिंदेवाहीकडच्या खेड्यातले. पंचांग समोर ठेवून ते वहीत तिथी, चंद्राचं अंतर आणि त्या आठवड्यातले भूकंप लिहून ठेवतात. "पुनवेले नाहीतर अवसेले जमीन हालतेच, तुमी पाहून घ्या," असं ते ठामपणे सांगतात. त्यांची यादी भारदस्त आहे. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट: अनंत चतुर्दशीची विसर्जनाची रात्र, पौर्णिमा दुसऱ्या दिवसावर. जबलपूर, २२ मे १९९७: बुद्ध पौर्णिमा, आणि तो हादरा नागपुरातही जाणवला होता. सुमात्रा, २६ डिसेंबर २००४: दत्तजयंतीची पौर्णिमा. तुर्कस्तान, ६ फेब्रुवारी २०२३: माघी पौर्णिमेला काही तास उलटलेले. म्यानमार, २८ मार्च २०२५: अमावस्येचा आदला दिवस.

ही यादी खोटी नाही. दुसरी यादी कोणी पाठ करत नाही, एवढंच. कोयना, ११ डिसेंबर १९६७: शुक्ल दशमीच्या आसपास. जपान, ११ मार्च २०११, तीव्रता ९: अष्टमी जवळ आलेली. नेपाळ, २५ एप्रिल २०१५: अष्टमीच्या सुमारास. कामचाटका, जुलै २०२५, तीव्रता ८.८: अमावस्येला पाच दिवस उलटलेले. आणि तिबेट, ७ जानेवारी २०२५, तीव्रता ७.१. त्या पहाटे सूर्य-चंद्र पृथ्वीवरून पाहता नेमके काटकोनात आले आणि त्यानंतर सव्वा तासाच्या आत जमीन फाटली. सूर्य-चंद्राची ओढ एकमेकांना सगळ्यात जास्त मारते, ती हीच घटका.

आता साधा हिशेब करू. 'पौर्णिमा-अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे तीन दिवस' असं म्हटलं की साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातले चौदा दिवस त्यात आले. निम्मे भूकंप नुसत्या योगायोगानेच त्या जाळ्यात सापडणार. जगात ६ किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे भूकंप वर्षाला दीडशेच्या घरात होतात. कुठलाही सात दिवसांचा तुकडा घ्या, त्यात असा निदान एक भूकंप असण्याची शक्यता शंभरात ९४. तीव्रता ७ ची अट घातली तरी शंभरात २५. म्हणून जागा न सांगता केलेलं भाकीत सहसा चुकत नाही. ज्वालामुखींचं तर याहून सोपं आहे. जगात कधीही पाहिलं तरी चाळीस ते पन्नास ज्वालामुखी कमी-अधिक धुमसत असतातच. 'या पौर्णिमेला ज्वालामुखी उसळेल' हे वाक्य बाराही महिने खरं.

पण मग चंद्राची ओढ जमिनीला लागतच नाही का? लागते, आणि ती गोष्ट फार सुंदर आहे.

भरती येते ती पृथ्वीच्या जवळच्या आणि लांबच्या बाजूवरच्या ओढीतल्या फरकामुळे. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने कमी होतं हे शाळेत शिकलेलो असतो. हा फरक मात्र अंतराच्या घनाने कमी होतो. सूर्याची पृथ्वीवरची एकूण ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट आहे. तरी तो चंद्राहून सुमारे ३९० पट लांब असल्याने त्याची भरती चंद्राच्या निम्म्याहूनही कमी, सुमारे ४६ टक्के. हाच हिशेब ग्रहांना लावा. शुक्र अगदी जवळ आला तरी त्याची भरती चंद्राच्या वीस हजाराव्या भागाएवढी. शनीची सुमारे चाळीस लाखाव्या भागाएवढी. तुर्कस्तानच्या भूकंपाआधी तीन दिवस 'आज ना उद्या इथे मोठा भूकंप होईल' असं लिहून गाजलेले नेदरलँड्सचे फ्रँक हूगरबीट्स ग्रहांच्या रांगांवरच अंदाज बांधतात. 'आज ना उद्या' ही तारीख नव्हे, आणि शनीच्या ओढीत काही हलवण्याची ताकद नाही. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही जुळली तेव्हा देशभर यज्ञ झाले, लोकांची झोप उडाली, पृथ्वी जागच्या जागी राहिली. लोकांच्या भीतीवर होमाची तूप-समिधा विकणं तेव्हाही वाईट होतं, आणि आज तीच भीती मोबाइलवरून पसरवणंही वाईटच आहे.

विदर्भाला समुद्र नाही, पण इथल्या जमिनीला भरती-ओहोटी आहे. पायाखालचा खडक दिवसातून दोनदा वर उचलला जातो आणि खाली बसतो, मोठ्या भरतीच्या दिवसांत तीस-चाळीस सेंटिमीटरपर्यंत. शेकडो किलोमीटरचा मुलूख एकदमच उचलला जात असल्याने ते कळत नाही. कळतं ते खोल बोअरमध्ये. पाणी खडकाच्या फटींत कोंडलेलं असेल आणि बोअरमध्ये दाबमापक सोडला, तर पातळी रोज दोनदा काही सेंटिमीटर हलताना दिसते. जमीन वर फुगते तेव्हा खडकातल्या फटी किंचित उघडतात, पाणी त्यांत शिरतं आणि बोअरमधली पातळी उतरते. फटी आवळल्या की चढते. कोयना-वारणा भागात हैदराबादच्या भूभौतिकी संशोधन संस्थेने केलेल्या निरीक्षण-बोअरमध्ये ही लय नोंदली गेली आहे. आपल्या शेतातल्या उघड्या विहिरीत ती शोधू नका. तिथलं पाणी मोकळं असतं, कोंडलेलं नसतं.

भूकंप म्हणजे खडकातली भेग सरकणं. भेगेच्या दोन्ही बाजू प्रचंड दाबाने एकमेकींवर बसलेल्या असतात आणि घर्षण त्यांना धरून ठेवतं. मोठ्या भूकंपात भेगेवरचा ताण साधारण १० लाख ते १ कोटी पास्कलने (पास्कल हे दाब मोजायचं एकक) उतरतो. सूर्य-चंद्रामुळे त्यात होणारा चढउतार १ ते ४ हजार पास्कलचा. धानाच्या बांधीत घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी उभं असलं की तळावर जेवढा जादा दाब पडतो, तेवढा.

गुरुजी म्हणतात, खडक तुटायच्या बेतात आला असेल तर एवढंही पुरे. हा मुद्दा शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षांहून अधिक काळ पटत आलेला आहे. मी गुरुजींच्या बाजूने आणखी एक आकडा मांडतो. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या मोठ्या तुकड्यांच्या, सीमेवर भेगेवरचा ताण वर्षाला साधारण दहा हजार पास्कलने वाढतो, म्हणजे तासाला जेमतेम एक पास्कल. भरती सहा तासांत तीन हजार पास्कल चढवते, म्हणजे तासाला पाचशे. ताण ठरावीक मर्यादेला टेकला की तत्क्षणी भेग सुटते असं असतं, तर जगातले जवळपास सगळे भूकंप भरती चढतानाच्या तासांतच झाले असते, आणि गुरुजींच्या वहीला तोड नसती.

१९९८ मध्ये जॉन व्हिडाल आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या १३,०४२ भूकंपांच्या वेळा भरतीच्या ताणाशी ताडून पाहिल्या. दखल घ्यावी असा संबंध सापडला नाही. कोडं खरं इथे सुरू होतं: इतका वेगाने चढणारा ताण भेगेला जाणवत का नाही?

याचं उत्तर प्रयोगशाळेतून आलं. डेव्हिड लॉकनर आणि निक बीलर यांनी ग्रॅनाइटचा दंडगोल तिरका कापला, तो चहूबाजूंनी दाबला, आणि हळूहळू वाढणाऱ्या ताणावर भरतीसारखा चढउतार चढवला. चढउतार लहान असेल तर सरकण्याच्या वेळा त्याला जवळपास जुमानत नाहीत, असं दिसलं. कारण भेग एकदम सुटतच नाही. आधी तिचा एक लहान तुकडा अतिशय सावकाश सरकू लागतो. दोन्ही बाजूंचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांत रुतलेले असतात, ते सुटतात, नवे रुततात. सरकण्याचा वेग वाढत जातो, तुकडा रुंदावतो, आणि पुष्कळ वेळाने तो आवरेनासा होऊन भूकंप होतो. ही तयारी चालू असताना भरती कितीदा तरी येऊन जाते. चढतीने वेग जरा वाढतो, उतरतीने तेवढाच कमी होतो, आणि बेरीज जवळपास शून्य.

जेम्स डिटरिक यांनी १९९४ मध्ये हे गणितात बसवलं. अशा जलद चढउताराने भूकंपांचा दर किती पट होईल? २.७१८ या संख्येचा घात काढायचा. घातांक म्हणजे भरतीचा ताण भागिले 'अ गुणिले भेगेला आवळणारा दाब'. 'अ' हा घर्षणाचा गुणांक, साधारण ०.००५ ते ०.०१. सहा-सात किलोमीटर खोलीवर आवळणारा दाब दहा कोटी पास्कलच्या आसपास. म्हणजे छेद पाच ते दहा लाख पास्कल, अंश तीन हजार. घातांक ०.००३ ते ०.००६. दरात फरक शंभरात एकाहूनही कमी. चंद्र ऐन पौर्णिमेला जवळ आला तर अंश थोडा वाढतो, छेद तोच राहतो.

मला हे सूत्र आवडतं ते दुसऱ्या कारणासाठी. भरती कुठे परिणाम करेल, हेही ते सांगतं: जिथे छेद लहान किंवा अंश मोठा. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याखाली खोल भेगेत पाणी इतक्या दाबाने कोंडलं आहे की खडक जवळजवळ अधांतरी आहे. तिथली मंद थरथर भरतीबरोबर सुमारे तीस टक्क्यांनी कमी-जास्त होते. समुद्राकाठच्या उथळ भेगांवर पाण्याच्या भरतीचं वजनही पडतं आणि ताण दसपट होऊ शकतो. तिथे २००४ मध्ये एलिझाबेथ कोचरन आणि सहकाऱ्यांना स्पष्ट संबंध दिसला. चंद्रावर अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या यंत्रांनी तर सातशे किलोमीटरहून खोलवरचे असे चंद्रकंप टिपले की जे महिन्याच्या ठरावीक दिवसांत परत परत येतात. तिथे ओढणारी आपली पृथ्वी आहे, चंद्राच्या एक्क्याऐंशी पट जड. कोयनेला सुमारे ऐंशी मीटर उभं पाणी तळावर आठ लाख पास्कलच्या आसपास दाब टाकतं, शिवाय भेगांत झिरपतं. धरण भरल्यानंतर तिथे जमीन हलू लागली यात नवल नाही.

गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत यातलं काहीच लागू नाही. अमरावती-अकोल्याकडची पूर्णेची भेग आणि गाविलगडची भेग समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. भूपट्टाच्या मधोमध ताणही इतक्या धिम्या गतीने साठतो की दोन मोठ्या भूकंपांत शतकं, सहस्रकं जातात.

अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणातल्या सुझन हफ यांनी २०१८ मध्ये चारशे वर्षांतले ८ किंवा अधिक तीव्रतेचे २०४ भूकंप घेतले आणि ते वर्षाच्या ठरावीक दिवशी किंवा चंद्राच्या ठरावीक कलेला होतात का, हे तपासलं. निबंधाच्या शीर्षकात प्रश्न होता. गोषवाऱ्यात एकच शब्द: नाही.

भाकितांनी होणारं नुकसानही खरं असतं. आयबेन ब्राउनिंग यांनी सूर्य-चंद्राच्या ओढीवरून ३ डिसेंबर १९९० च्या सुमारास अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठच्या न्यू माद्रिद भागात मोठा भूकंप वर्तवला होता. शाळा बंद राहिल्या, माणसं गाव सोडून गेली, भूकंप झाला नाही.

गुरुजींची वही मी वाया गेली असं म्हणणार नाही. त्यांना एवढंच सांगितलं आहे की धक्का न बसलेल्या पौर्णिमा-अमावस्याही लिहा, अष्टमीचे भूकंपही लिहा, आणि पुढचं भाकीत करताना तालुका, तीव्रता आणि तारीख आधीच शाईने लिहून ठेवा. त्यांनी ते मान्य केलं आहे.

किल्लारीत हजारो माणसं गेली ती पहाटे चारच्या झोपेत, दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आपल्याकडेही धाब्याची आणि मातीच्या गाऱ्यात रचलेली घरं अजून पुष्कळ आहेत. भिंती हादऱ्यात एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा लागतो, कोपऱ्यांतही न तुटलेला. घरकुलाचं काम सुरू असेल तर गवंड्याला तो चारही भिंतींवरून फिरवायला सांगा. नुसत्या दारावर तुकडा टाकून भागत नाही.